गाजराची हळद

एकोणिसावा दिवस.
केतकीच्या ताटात काकडी, बीट, मोड आलेले मूग
आणि गाजरं, सालासकट,
अर्धा किलो तिची एकटीची.
कढईकडे ती बघतही नाही.
"शिजवलं की भाजीचा जीव जातो, पप्पा."
मी रबाळ्याच्या कॅन्टीनमध्ये
रोज तीनशे चाळीस ताटांचा जीव घेतो.
त्याच पैशातून ही गाजरं आली,
हे बोललो नाही.

ऐरोलीच्या आमच्या खोलीत आरसा एकच,
बेसिनवरचा, कोपरा उडालेला.
सकाळी सव्वासहाला ती त्यात पुळ्या मोजते.
कपाळावर सात, हनुवटीवर सहा,
एक नाकाच्या शेंड्यावर, घरमालकासारखी.
वहीत मांडून ठेवते
दुधाच्या खाड्यांसारखं.

उज्ज्वला म्हणते, सशाला जन्म दिलाय मी.
पण रात्री तीच मूग उपसते,
फडक्यात घट्ट बांधते, वर वाटी पालथी घालते
आणि पहाटे उठून चाचपते,
फुटले का मोड.

मला कच्च्याची धास्ती. धंद्याचा दोष.
कच्चा भात खिडकीतून परत येतो,
कच्च्या चपातीवरून युनियनवाले येतात.
कच्ची पावती, कच्चं बांधकाम, कच्चा कैदी,
ज्याच्यामागे कच्चं लागलं त्याचं काही खरं नाही.
फक्त लहानपणी, लगोरीत,
मी कच्चा लिंबू असायचो,
आउट झालो तरी खेळत राहायचो.
हिचंही तसंच धरू, म्हटलं.
सोळाचीच तर आहे.

सव्विसाव्या दिवशी तळहात पिवळे.
तळपाय पिवळे, नाकाच्या कडाही.
"कावीळ!" उज्ज्वलाच्या हातातलं लाटणं
गडगडत पलंगाखाली गेलं.
मी मात्र बघतच राहिलो
कुणी न लावता हळद लागलेले हात,
माझ्या पोरीचे.
त्या वेळी सुचू नये ते सुचलं,
आणि घसा दाटला.

सेक्टर आठच्या डॉक्टरीणबाईंनी
पापणी खाली ओढली, टॉर्च मारला.
"डोळे पांढरेशुभ्र आहेत, कावीळ नाही.
रोज किती गाजरं खातेस?"
तिने निम्मी सांगितली. उरलेली मी सांगितली.
बाई हसल्या.
"गाजर कमी कर, रंग उतरेल हळूहळू.
पुळ्यांना मलम देते, ते लावायचं
आणि वाट बघायची.
काकडी खा, कोशिंबीर खा, खुशाल खा,
पण डाळभातही खा. वजन बघ आपलं."

उतरताना ती जिन्यात थांबली.
"पण कपाळावरच्या तीन गेल्या ना, पप्पा?"
गेल्या होत्या.
गाजरानं, की नाक्यावरचे समोसे सुटले म्हणून,
की परीक्षा संपली म्हणून,
कोणाला ठाऊक.
मी म्हटलं, चार गेल्या.

शुक्रवारी भज्यांचं तेल उडालं माझ्या मनगटावर.
नवीन काही नाही,
कोपरापर्यंत जुन्या डागांचा नकाशाच आहे.
तिने तो पहिल्यांदाच नीट पाहिला असावा.
हात नळाखाली धरून ठेवला, घड्याळ लावून,
वीस मिनिटं.
टाकी संपेल, असं उज्ज्वला म्हणालीसुद्धा नाही.
"तुम्ही तर सगळेच शिजलात, पप्पा,"
एवढंच बोलली,
माझ्याकडे न बघता.

त्या रात्री स्वयंपाक तिच्याकडे.
काकडी चोचवली, कूट घातलं, लिंबू पिळलं
आणि थबकली.
"तुम्हाला वरून फोडणी लागते ना?"
सव्वीस दिवसांनी तिने गॅस पेटवला,
लांबून, मान मागे घेऊन.
पळी धरलेला पिवळा हात,
त्यावर निळी ज्योत.
मोहरी जरा जास्तच तडकली, हिंग करपला.
चर्र झालं काकडीवर.

तीनशे चाळीस ताटांत असं वाढलं असतं
तर खिडकीतून परत आलं असतं.
मी डाव्या हाताने
दोनदा वाढून घेतलं.